जमीन गोठायच्या आत

क्वेबेक,
१४ ऑक्टोबर २०११

प्रिय रेजां,

तू बरा असशील, कामावर असशील आणि तिकडे आल्बर्टात अजून बर्फ धरला नसेल असं समजून लिहितेय. तुझा फोन नंबर बदललाय हे मला उन्हाळ्यात कळलं. पत्ता तोच असावा. मागच्या नाताळचं कार्ड परत आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी आणि बाबा प्रवासाला निघालोय. हे वाचून तू कागद खाली ठेवशील, ठाऊक आहे मला. ठेव. कॉफी करून घे आणि मग पुढचं वाच.

शाळेच्या बसवरून मी रजा काढली. बदली चालक मिळाला तो लोणी कापावं तसा हळू चालवतो म्हणे, पोरं वैतागलीत. मोंरेयालहून पहाटे निघाले आणि त्र्वा-रिव्हिएरला वृद्धाश्रमाच्या दारात पोचले, तर बाबा कोट घालून बाकावर तयार बसलेले. डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. परिचारिका म्हणाली, "कालपासून असेच बसलेत. जेवायलासुद्धा कोट काढला नाही." त्यांच्या खोलीच्या खिडकीतून अजून तेच कागदाच्या कारखान्याचं धुराडं दिसतं. एवढी वर्षं तिथे घालवली, पण निघताना त्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तब्येत वयाप्रमाणे आहे. खोकला आहे. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर बरोबर दिलाय, लागला तर. डॉक्टर विशेष काही बोलले नाहीत.

इथे क्वेबेकला एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतलीय. बाबांना काही बघायचं नव्हतं. मीच त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून वरच्या गच्चीवर नेलं. खाली नदी, पलीकडे लेव्हीचे दिवे लागत होते. मग उतारावरून जुन्या गल्लीत आलो. तिथे एक वाटाड्या पर्यटकांना दगडी घर दाखवत होता. हे तीनशे वर्षांचं आहे, मालकाला साधी खिडकी बदलायची तरी सरकारची परवानगी लागते, असं सांगत होता. बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. खोकला थांबल्यावर त्या पोराला म्हणाले, "आमच्याकडे उलटं होतं. खिडकी बदलायला कुणी विचारत नव्हतं. जाळायला मात्र सरकारची परवानगी होती." तो बिचारा समजल्यासारखा हसला आणि त्यानं गट पुढे नेला.

संध्याकाळी त्यांनी वाटाण्याचं सूप घेतलं, अर्धा वाडगा. बाईंनी मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री केली होती, तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझी आई यात लवंग जास्त घालायची." आईबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नव्हतं. तू ऐकलं होतंस का?

उद्या फेरीबोटीनं नदी ओलांडून दक्षिण किनाऱ्याला लागू. कुठवर जायचं ते बाबांनी सांगितलं आहे. तुलाही ते न सांगता कळेल.

थंडीत जप.

तुझी बहीण,
एदमे


गास्पे,
२१ ऑक्टोबर २०११

प्रिय रेजां,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. आम्ही पोचलो.

मी समोर समुद्र असलेल्या एका मोटेलात आहे. हंगाम संपलाय, सगळं रिकामं आहे, म्हणून बाईंनी खोली स्वस्तात दिली. हवा वाईट आहे, वारा थांबतच नाही. गाडी सध्या पोलिसांकडे आहे. त्यात काळजीचं काही नाही, एकदोन दिवसांत मिळेल. मी धड आहे. गाडीला ओरखडाही नाही.

तुला वाटेतलं सांगते.

लेव्हीहून निघालो तेव्हा ऊन होतं. बाबा पुढे बसले होते, त्यांना मागे बसवायची सोय नाही, "मी काय सामान आहे?" म्हणतात. रिव्हिएर-द्यु-लू गेलं. तिथून पुढे नदीला समुद्र म्हणायला सुरुवात करतात ना, तसं त्यांनीही केलं. "समुद्र शांत आहे," म्हणाले, आणि खिडकीची काच खाली केली. गाडीभर शेवाळाचा वास. मी म्हटलं, बाबा, गार वारा लागेल. म्हणाले, "लागू दे. वास तरी येतोय."

रिमूस्कीला पेट्रोल भरलं. मातानला मुक्काम केला. जेवायला कोळंबी मागवली. ते एकेक सोलत होते, मला देत होते. स्वतः खात नव्हते. तिथे मी विचारलं, रेजां. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्याकडे बघून नाही, ताटलीकडे बघून विचारलं, "बाबा, जाळायचं काम तुम्ही का घेतलं?"

ते म्हणाले, "सरकारला बाग करायची होती. जंगलाची बाग. घरं नको होती. सगळ्यांनी सह्या केल्या, कुणी रडत केल्या, कुणी शिव्या देत केल्या, पण केल्या. मग जाळायला माणसं हवी होती. मी साहेबाला म्हटलं, माझं घर मी जाळीन. माझ्या बायकोनं ज्या घरात जीव सोडला त्याला दुसऱ्या कुणाची काडी लागता कामा नये. साहेब म्हणाला, एका घराचं काम देत नसतो. घ्यायचं तर अख्ख्या खाडीचं घे."

"मग?"

"मग घेतलं."

एवढंच. पुढे कोळंबी सोलत राहिले. थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "फिलोमेनचं घर शेवटी घेतलं. ती दारात उभी होती. म्हणाली, ओव्हिला, भट्टीत पाव आहे. मग मी थांबलो. पायरीवर बसलो. पाव झाला, तिनं काढला, फडक्यात गुंडाळला, आणि पोरीचा, कोलोंबचा हात धरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मग मी आत गेलो."

तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास आणि तुझ्या कोलोंबच्या बाजूला रस्त्यावर उभा होतास. मी सात वर्षांची. मला फक्त आठवतं की चेहरा शेकत होता आणि पाठ गार पडली होती. त्यानंतर कोलोंबच्या वडलांनी तुला दारात उभं केलं नाही. आणि बर्फ वितळल्याबरोबर तू पश्चिमेची गाडी धरलीस. बाबांना कुणी गावाबाहेर काढलं नाही, गावच उरलं नव्हतं. पण जिथे जिथे आपले लोक जाऊन राहिले तिथे तिथे लोक त्यांना "काडीवाला" म्हणायचे. म्हणून मला घेऊन ते त्र्वा-रिव्हिएरला गेले, आणि आईच्या थडग्याकडे पुन्हा फिरकले नाहीत. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं. पावाचं तुला माहीत नसावं.

मी पहिल्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. डॉक्टर बोलले होते. फुप्फुसं संपलीत, नाताळ बघतील की नाही सांगता येत नाही, असं. आणि प्रवास करू नका असंही. बाबांना मी दोन्ही सांगितलं. त्यांनी कोट घालून ठेवला.

मातानहून निघालो तेव्हा त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, "मला जाळू नकोस, पोरी. मी आयुष्यभर पुरेल एवढं जाळलंय. तुझ्या आईशेजारी पुर." आणि दुसरी, "वाटेत काही झालं तर कुठल्या दवाखान्यात टाकू नकोस. ते मला रुग्णवाहिकेत घालून परत कारखान्याकडे पाठवतील." मी म्हटलं, बरं. तेव्हा मला हे नुसतं बोलणं वाटलं होतं, आणखी काही नाही.

सेंट-आन-दे-मोंनंतर रस्ता पाण्याला चिकटूनच जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाटा, वाऱ्यानं लाटांचं पाणी काचेवर उडत होतं. बाबा खोकत होते. मी सिलिंडर लावून दिला. मग खोकला थांबला. मला बरं वाटलं, म्हटलं झोप लागली. मों-सेंट-पिएरला थांबायचं ठरलं होतं, पण झोपमोड नको म्हणून मी थांबले नाही. त्यानंतर ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

ग्रांद-व्हालेला पेट्रोलसाठी थांबले. दुकानातली बाई कॉफी द्यायला बाहेर आली, आत डोकावून म्हणाली, "म्हातारबुवा झोपलेत वाटतं."

"हो."

"पांघरूण घाला हो, मान किती वाकडी झालीय."

मी पांघरूण घातलं. मान सरळ केली. टोपी नीट बसवली. बाईला म्हटलं, "आभारी आहे." आणि गाडी सुरू केली.

पांघरूण घालताना मला कळलं, असं मी पोलिसांना सांगितलंय. तुला खरं सांगते. त्याआधीच कळलं होतं. खोकला थांबला आणि श्वासाचा आवाज आला नाही, तेव्हा मी रेडिओ लावला. गाडी चालवायचं माझं कामच आहे. पोरं मागे काय करतात त्याकडे न बघता रस्त्याकडे बघायचं, हे मला येतं.

आपल्या खाडीच्या जागी झालेल्या उद्यानाच्या फाटकाला साखळी होती. पहारेकरी पोऱ्या चांगला होता, गणवेशात, गालावर नुकती दाढी. म्हणाला, "मॅडम, उद्यान बंद झालंय. आता वसंतात."

मी म्हटलं, "माझे वडील इथले आहेत."

"इथले म्हणजे?"

"इथे राहणारे."

"इथे कुणी राहत नाही, मॅडम."

त्यानं हे तिरसटपणानं म्हटलं नाही. त्याला खरोखर तसंच शिकवलं असेल. मग मी आडनाव सांगितलं आणि आपल्या खाडीचं, आन्स-ओ-गोएलांचं नाव घेतलं. तेव्हा म्हणाला, जुन्या रहिवाशांना कब्रस्तानात जायची मुभा आहे, असं वाचलंय खरं. आणि त्यानं साखळी सोडली.

रेजां, तिथे काही नाही. तुला वाटत असेल दगड तरी असतील. आपल्या घराच्या तळघराची एक कड गवतात दिसते, ती माहीत असणाऱ्यालाच. लायलॅकचं झुडूप आहे, ते माणसानं लावल्याशिवाय तिथे येत नाही. मासे वाळवायचे मांडव होते तिथे लाकडी बाक टाकलाय, पर्यटकांसाठी, आणि एक फलक आहे. त्यावर मूस हरणाचं चित्र आणि खाली लिहिलंय की हा किनारा माणसाच्या हाताचा स्पर्श न झालेला आहे.

मी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली आणि बाबांच्या बाजूचं दार उघडलं. बाकावर बसले. कॉफी गार झाली होती, तीच प्यायले. किती वेळ ते माहीत नाही. मग तो पहारेकरी पायी चालत आला. बाबांशी हात मिळवायला आला होता बिचारा. त्याला कधी खरा रहिवासी भेटला नव्हता. त्यानं हात पुढे केला, मग माझ्याकडे बघितलं, आणि टोपी काढली.

म्हणून गाडी पोलिसांकडे आहे.

पोलिसांनी बरंच विचारलं, पण वाईट वागले नाहीत. मृत्यू नैसर्गिक आहे, एवढं त्यांच्या डॉक्टरनं लिहून दिलंय. तू माणूस मेलाय हे कळूनही गाडी का चालवलीस, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, थांबायला जागा नव्हती. ज्यानं तो रस्ता पाहिलाय त्याला हे पटतं. बाबा इथल्या दवाखान्याच्या शवागारात आहेत. तिथला माणूस म्हणाला, दहन करून घ्या, सोपं पडेल, रक्षा कुठेही नेता येते. मी नाही म्हटलं.

बातमी इथे पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर कोलोंब, हातात फडक्यात गुंडाळलेलं सुपाचं भांडं. मी ओळखलं नसतं. केस पांढरे केलेत, म्हणजे रंगवायचं सोडलंय. नवरा गेला तिचा, मुली क्वेबेकला. इथे मयत झालं की सूप आणतात आणि माणूस कोण होता ते नंतर बघतात. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रेजां कुठे आहे?"

"आल्बर्टात. तेलाच्या खाणीवर."

"लग्न?"

"झालं होतं. मोडलं."

तिनं मान हलवली आणि मला सूप वाढलं. मी खाताना तिला मातानचं बोलणं सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून ती विरघळेल. साहेबाची अट, आईचं घर, दुसऱ्याची काडी. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आपलं घर आपल्याच हातानं जाळावं असं वाटलं त्याला. कळतं मला. मग आमचंही आम्हालाच जाळू द्यायचं होतं."

मी चमचा खाली ठेवला.

तरी ती मला तिच्या आईकडे, फिलोमेन काकूंकडे घेऊन गेली. कारण खाडीच्या कब्रस्तानात कुणाला जागा द्यायची हे इथले तीन म्हातारे ठरवतात, आणि त्या तिघांत फिलोमेन काकू बोलल्या की बाकीचे दोघे मान डोलावतात. काकूंनी नव्वदी ओलांडलीय. खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, जपमाळ मनगटाला गुंडाळलेली. कोलोंब त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, ओव्हिला शुइनार गेला."

"कधी?"

"परवा."

"उशीर केला," काकू म्हणाल्या.

मी गुडघे टेकून त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, काकू, मी एदमे, ब्लांदीनची मुलगी. बाबांना आईशेजारी पुरायचंय. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दिसत नाही त्यांना नीट. "ब्लांदीनचं नाक आहे," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो पायरीवर बसला होता. माझा पाव होईपर्यंत. तुला सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं."

"तो पाव आम्ही खाल्ला नाही हे सांगितलं नसेल. त्याला कुठून माहीत असणार. समुद्रात टाकला मी. माझ्या नवऱ्यानं मला त्यासाठी मारलं, पोरं उपाशी होती म्हणून. त्यानं मला तेवढ्या एकदाच मारलं." कोलोंबकडे बघत म्हणाल्या, "सरकारला मी माफ केलं, ते कोण होते मला माहीत नाही. ओव्हिलाला मी ओळखत होते. तो माझ्या विहिरीचं पाणी प्यायचा."

मग त्यांनी तुझी आठवण काढली. "त्याला एक मुलगा होता. माझ्या कुंपणाशी उभा राहून रडायचा. तो बापाला भेटायला यायचा का?"

मी नाही म्हटलं. मला खोटं बोलता आलं असतं.

"पोटच्या पोरानं ज्याला टाकलं त्याला मी जवळ करू? बोलाव त्याला. त्यानं पहिली मूठ टाकली तर दुसरी मी टाकीन, मला उचलून नेलंत तरी चालेल. तो नाही आला तर बापाला घेऊन जा आणि त्या कारखान्यापाशी पुर."

बाहेर आल्यावर कोलोंब म्हणाली, "ती बदलणार नाही. आम्ही सगळे आयुष्यभर वाट बघून दमलो."

तर हे असं आहे. तुला हेच सांगायला मी हे पत्र घेऊन बसले आणि पेट्रोलचं, कोळंबीचं सांगत बसले. मी तुला त्यांना माफ कर असं म्हणत नाही. तुझं काय गेलं ते त्या दिवशी सुपाचं भांडं घेऊन माझ्या दारात उभं होतं, मी बघितलं. मूठभर मातीला माफी लागत नाही. ती हातानं टाकता येते.

मोंरेयालपर्यंत विमानानं ये, मी घ्यायला येईन. नाही तर थेट गास्पेला ये. बोलायची गरज नाही, वाटभर मी रेडिओ लावेन.

इथे नोव्हेंबर संपता संपता जमीन गोठते. मग खणता येत नाही.

वाट बघते.

तुझी,
एदमे


गास्पे,
२७ मे २०१२

रेजां,

जमीन गोठली.

मी नोव्हेंबरच्या शेवटपर्यंत थांबले नाही, रजा संपली होती. मोंरेयालला परत गेले, बस चालवली. कोलोंब फोन करून सांगायची, आज फावडं जातंय, आज वरचा थर कडक झाला, आज कुदळ उसळी मारतेय. मग तिनं फोन केला आणि नुसतं म्हणाली, "झालं." बाबांना शवागारातून काढून चर्चमागच्या दगडी कोठीत ठेवलं. हिवाळ्यात मेलेल्यांना वसंतापर्यंत तिथेच ठेवतात, तुला आठवत असेल, माझ्या लहानपणी आपण तिच्या दाराशी जाऊन कान लावायचो. त्यांना कारखान्याकडे न्यावं असं काकूंचं म्हणणं होतं, पण बर्फाच्या वादळांत कोण नेणार. काकू म्हणाल्या, "राहू दे वसंतापर्यंत. पुढचं बघू."

पुढचं बघायला त्या राहिल्या नाहीत. जानेवारीत गेल्या, खुर्चीतच. त्यांनाही त्याच कोठीत ठेवलं. यंदा मेलेले थोडेच होते, तेव्हा दोन फळ्यांवर दोघे, बाबा आणि फिलोमेन काकू, अख्खा हिवाळा. कोलोंबनं मला हे फोनवर सांगितलं. मग ती म्हणाली, "भांडत असतील." मी हसले, आणि मग मला रडू फुटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

जागेचा निर्णय आता कोलोंबकडे आला. तिनं मला मे महिन्यात बोलावून घेतलं. मी विचारलं, काकूंची अट? ती म्हणाली, "आईनं सांगितलं होतं, त्याचं मूल येऊन पहिली मूठ टाकू दे. तू आलीस की."

"त्या मुलगा म्हणाल्या होत्या, कोलोंब."

"आईला तेवढं सोयीचं ऐकू यायचं. आमच्या घरात सगळ्यांना तसंच येतं."

काल दफन झालं. दोघांचंही एकाच सकाळी, पाद्री दोनदा येऊ शकत नव्हता म्हणून. काकूंना वरच्या टोकाला, त्यांच्या नवऱ्याजवळ. बाबांना खालच्या टोकाला, आईशेजारी. मधे अख्खं गाव. काकूंसाठी बरेच लोक आले होते. ते संपल्यावर लोक निघून गेले, बाबांसाठी कुणी खाली उतरलं नाही. पाद्री, खणणारा माणूस, मी आणि कोलोंब. पहिली मूठ मी टाकली. माती अजून आतून गार होती, बोटं बधिर झाली. दुसरी कोलोंबनं टाकली. टाकताना ती बाबांना उद्देशून म्हणाली, "ही आईची. माझी नाही." आणि हात झटकून वर निघून गेली.

तिनं माफ केलं नाही. तिनं पुरू दिलं. मला त्यातला फरक आता कळतो.

मग तिच्या घरी कॉफी घेताना तिनं मला ते सांगितलं. तिला वाटत होतं मला ठाऊक असेल. जानेवारीत, फिलोमेन काकू गेल्याचं तुला कुणाकडून तरी कळलं आणि तू कोलोंबला फोन केलास. म्हणजे माझी पत्रं तुला मिळाली होती, कारण तिचा नंबर तू माझ्या दुसऱ्या पत्राच्या पाकिटावर पत्ता असलेल्या मोटेलात फोन करून मिळवलास, असं मोटेलच्या बाईनंच मला सांगितलं. तू कोलोंबशी बराच वेळ बोललास. काकू कशा गेल्या विचारलंस. बर्फ किती आहे विचारलंस. तिच्या गुडघ्यांबद्दलसुद्धा विचारलंस. तिनं तुला सांगितलं, "तुझे वडील आईच्या शेजारच्या फळीवर आहेत." ती म्हणते, त्यावर तू एवढंच म्हणालास, "बरं."

त्या एका शब्दावर मी सबंध रात्र घालवली, रेजां. मला त्यात काही सापडलं नाही. कोलोंब म्हणते, त्यात बरंच काही असेल. तिला तुझ्यासाठी अजून चांगलं काही सुचतं. मला सुचत नाही, मी दमलेय.

मी तुझ्यावर रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. तू सतरा वर्षांचा असताना निघून गेलास ते मी कधीच मनात धरलं नाही. मी सात वर्षांची होते, आणि माझ्याकडे बाबाच उरले होते. त्यांनी माझ्या वेण्या घातल्या, वाकड्या. शाळेत पोरी हसायच्या. त्यांनी रोज सकाळी माझे बूट शेगडीजवळ तापत ठेवले. ज्यानं खाडी जाळली त्यानंच हे केलं. दोन्ही एकाच माणसानं. तुला त्यातला एकच भेटला, यात तुझा दोष नाही. पण मूठभर माती टाकायला तुला सात महिने मिळाले होते आणि तुझ्याकडे फोन होता.

थडग्याला दगड नाही, पांढरा लाकडी क्रूस आहे. नाव आणि दोन सालं, एवढंच. कोलोंबनं विचारलं, आणखी काही लिहायचं का? मी म्हटलं, नको.

आज दुपारी मी निघेन. वरचा रस्ता घेणार नाही, किनाऱ्याचाच घेईन, उलट दिशेनं. मों-सेंट-पिएरला थांबणार आहे.

तुला कळवायचं होतं ते सगळं कळवून झालं. यापुढे पत्र येणार नाही. माझा पत्ता बदललेला नाही.

ओव्हिला आणि ब्लांदीन शुइनार यांची मुलगी,
एदमे